गेम रंगात आला की पीसी बंद: अकोल्यातलं एक प्रकरण

प्रकरण २०२४ च्या उन्हाळ्यातलं. स्थळ अकोला, जुन्या वस्तीतलं घर. घरात माझा थोरला भाऊ, वहिनी आणि इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला असलेला भाचा. भाच्याने शिकवण्या घेऊन जमवलेले पैसे आणि दादाने घातलेली भर मिळून ८५ हजारांचं बजेट झालं. त्यात मॉनिटर धरलेला नव्हता, तो आधीच घरात होता, १०८०पी आणि १४४ हर्ट्झचा. तयार पीसी विकत घ्यायचा नाही, सुटे भाग आणून घरीच जोडायचा, हे ठरलेलं होतं. मी पुण्यात बरीच वर्षं हार्डवेअर दुरुस्तीत काढली, म्हणून सुट्टीत ‘आत्या, तू ये’ असं फर्मान आलं.

हे सविस्तर लिहायचं कारण असं की पीसी बंद पडू लागल्यावर ज्याने त्याने यादीतल्याच कुठल्या ना कुठल्या भागावर बोट ठेवलं. दोष यादीच्या बाहेर होता.

यादी चांगली होती. एएमडीचा रायझन ५ ७६००, बी६५० चिपसेटचा मायक्रो-एटीएक्स मदरबोर्ड, १६ जीबीच्या दोन डीडीआर५ स्टिक, १ टीबीचा एनव्हीएमई एसएसडी, आरटीएक्स ४०६० ग्राफिक्स कार्ड, ८० प्लस ब्रॉन्झ दर्जाचा ५५० वॉटचा एसएमपीएस (घरची वीज पीसीला लागेल तशी करून देणारा डबा) आणि समोरून जाळी असलेलं कॅबिनेट. कार्डावरून आमचा थोडा वाद झाला. भाच्याला रेडिऑन आरएक्स ७६०० हवं होतं, ते जरा स्वस्त पडत होतं. पण ते १६५ वॉट खातं आणि ४०६० चं काम ११५ वॉटमध्ये भागतं. पुण्यात मी हा ५० वॉटचा फरक मनावर घेतला नसता. अकोल्यात मे महिन्यात पारा ४५ च्या घरात असतो आणि तो ५० वॉट खोलीतच राहणार असतो. दोन्ही कार्डांची मेमरी ८ जीबीच, त्यामुळे तिकडून कुणाचंच पारडं जड नव्हतं. रायझन ७६०० बद्दल वाद नव्हताच. ६५ वॉटचा, खोक्यातच कूलर मिळतो आणि आत छोटं ग्राफिक्स असल्यामुळे कार्ड काढून ठेवलं तरी पडद्यावर चित्र दिसतं. दुरुस्ती करणाऱ्याला या शेवटच्या गोष्टीचं मोल विचारा.

जोडणीबद्दल फार सांगण्यासारखं नाही. रॅमच्या स्टिक प्रोसेसरपासून दुसऱ्या आणि चौथ्या खाचेत बसवायच्या, मदरबोर्डखालचे पितळी स्टँडऑफ आपल्या बोर्डाच्या भोकांप्रमाणेच लावायचे, मॉनिटरची एचडीएमआय केबल बोर्डात न खोचता कार्डात खोचायची. हे सगळं भाच्याने व्हिडिओ पाहून पाठ केलेलं होतं. पहिल्यांदा बटण दाबल्यावर मात्र पंखे फिरले आणि पडदा काळाच राहिला. त्याचा चेहरा पडला. या रायझनला लागणारे एएम५ जातीचे बोर्ड पहिल्या वेळी रॅमशी जुळवून घ्यायला दोन-तीन मिनिटं, कधी त्याहून जास्त घेतात. त्या वेळात घाबरून बटण दाबलं की सगळं पुन्हा पहिल्यापासून. त्याला चहा करायला पाठवलं, परत येईपर्यंत बायोस, म्हणजे बोर्डाच्या सेटिंगचा पडदा, समोर होता. एक्सपो प्रोफाइल, म्हणजे रॅमला पूर्ण वेग देणारी तयार सेटिंग, लावून रॅम ४८०० वरून ६००० वर नेली, विंडोज टाकलं. व्हॅलोरंट या गेमला विंडोज ११ वर टीपीएम आणि सिक्युअर बूट ही सुरक्षेची दोन्ही सेटिंग लागतात, ते बायोसमध्ये चालू केलं.

पत्र्याला हात लावला की झिणझिण्या

त्याच संध्याकाळी भाचा म्हणाला, “आत्या, ह्याले हात लावला तं झिणझिण करते.” अनवाणी पाय शहाबादी फरशीवर आणि बोट कॅबिनेटच्या स्क्रूवर. मल्टिमीटरचं एक टोक पत्र्याला आणि दुसरं मोरीतल्या लोखंडी नळाला लावलं, तर १०० व्होल्टच्या वर आकडा दिसला.

नव्या माणसाला वाटतं एसएमपीएस खराब आला. तसं नव्हतं. वीज एसएमपीएसमध्ये शिरते तिथेच एक फिल्टर असतो. त्यात फेजपासून आणि न्यूट्रलपासून कॅबिनेटच्या पत्र्याकडे जाणारे दोन छोटे कपॅसिटर असतात. अर्थिंग असेल तर त्यांतून झिरपणारा किंचितसा करंट जमिनीत निघून जातो. अर्थिंग नसेल तर पत्रा फेज आणि न्यूट्रलच्या मधोमध लोंबकळतो, म्हणजे २३० च्या निम्मा, ११५ च्या आसपास. करंट एक मिलिअँपिअरहूनही कमी असतो, त्यामुळे नुसत्या झिणझिण्या येतात. पण त्या झिणझिण्या सांगत असतात की उद्या खरोखर फेजची तार पत्र्याला टेकली, तर एमसीबी (करंट अति वाढला की पडणारा स्विच) पाडेल असा रस्ताच या घरात नाही.

सॉकेट उघडून पाहिलं. तिसऱ्या, मोठ्या भोकामागे वायरच नव्हती. घराचं वायरिंग दोन तारांचं. मिक्सर, टीव्ही, मोबाइलचा चार्जर यांना तिसरी तार लागत नाही, त्यामुळे इतकी वर्षं कुणाचं काही अडलं नव्हतं. फ्रीजला हात लावला की झिणझिण्या येत होत्या, पण वहिनींनी त्यासाठी दारासमोर रबरी पायपुसणं टाकलं होतं आणि प्रश्न सुटला असं सगळ्यांनी मानलं होतं.

वायरमन आला. त्याने पाहिलं आणि लगेच तोडगा काढला, “न्यूट्रलच लूप करून देतो ना मॅडम, दोन मिनिटांचं काम.” म्हणजे सॉकेटच्या आत न्यूट्रलची तार अर्थच्या पिनला जोडून टाकायची. झिणझिण्या खरंच थांबतात, म्हणूनच हा उपाय गावोगाव चालतो. पण मीटरपासून सॉकेटपर्यंत न्यूट्रलचा एखादा सांधा ढिला होऊन सुटला, की पीसीतून फिरून आलेली फेज थेट कॅबिनेटवर येते. तेव्हा ११५ व्होल्टच्या झिणझिण्या राहत नाहीत. पूर्ण २३० व्होल्ट असतात आणि करंटला आवर घालणारं मध्ये काही नसतं. जुन्या घरात न्यूट्रल सुटणं काही दुर्मीळ नाही. मी नाही म्हटलं. त्याला ते आवडलं नाही, पण दादाने समजूत घातली.

मग रीतसर अर्थिंग झालं. परसात मोरीचं पाणी जातं त्या बाजूला खड्डा, त्यात जीआय, म्हणजे जस्त चढवलेला लोखंडी, पाइप, भोवती कोळसा आणि मीठ. जागा मुद्दाम ओलसर निवडली. अकोल्याची जमीन काळी. पावसाळ्यात ती पाइपाला घट्ट धरते आणि एप्रिल-मेमध्ये वाळून भेगाळते, पाइपापासून सुटते. मग कागदावर अर्थिंग असतं, जमिनीत नसतं. पाइपाच्या तोंडाला नरसाळं ठेवून उन्हाळ्यात अधूनमधून बादलीभर पाणी ओतायचं, हे काम वहिनींनी तुळशीच्या पाण्याबरोबर आपल्याकडे घेतलं. खड्डा भरल्यावर वायरमनने फेज आणि अर्थ यांच्यामध्ये १०० वॉटचा दिवा लावून पाहिला. तो पूर्ण उजेडाने पेटला. नुसता मल्टिमीटर इथे फसवतो, कारण वाईट अर्थिंगवरही तो २३० दाखवू शकतो. भार टाकल्यावरच खरं कळतं. कॅबिनेटवरचे व्होल्ट गेले आणि मी पुण्याला परतले.

फक्त गेम चालू असताना

मेच्या मध्याला फोन सुरू झाले. पीसी आपोआप रीस्टार्ट होतो. निळा पडदा नाही, कसलाही संदेश नाही, गेम ऐन रंगात असताना झपकन काळोख आणि मग पुन्हा विंडोजचं चिन्ह. अभ्यास करताना, व्हिडिओ पाहताना, ब्राउझरमध्ये कधीच नाही. गेममध्येही रोज नाही.

अशा लक्षणांवर सगळे ठरलेली उत्तरं देतात. भाग विकणाऱ्या दुकानदाराने एसएमपीएसकडे बोट दाखवलं, ५५० कमी पडतोय, ७५० घ्या. भाच्याच्या मित्रांनी कार्ड खराब ठरवलं. एकाने ग्राफिक्स कार्डांचे कनेक्टर वितळल्याच्या बातम्या पाठवल्या. त्या २०२२ च्या ऑक्टोबरपासूनच्या, आरटीएक्स ४०९० च्या १६ पिनांच्या कनेक्टरच्या. याच्या कार्डाला साधा ८ पिनांचाच कनेक्टर होता, त्यामुळे तो धागा तिथेच तुटला. दुसऱ्याने एक्सपोमुळे प्रोसेसर जळतात असं सांगून घाबरवलं. त्यात तथ्याचा अंश होता. २०२३ च्या एप्रिलमध्ये काही रायझन ७००० एक्स३डी चिप जळाल्या होत्या आणि त्यानंतर एएमडीने बायोसमधून प्रोसेसरच्या एका भागाला मिळणारं एसओसी व्होल्टेज १.३ पर्यंत बांधून टाकलं. याचा बोर्ड नव्या बायोसचा होता आणि चिप एक्स३डी नव्हती.

मी त्याला भाग बदलू दिला नाही, आधी चाचण्या करायला लावल्या. रॅम तपासणारं मेमटेस्ट८६ रात्रभर चालवलं, एकही चूक नाही. ओसीसीटी या चाचणीच्या प्रोग्रॅममध्ये प्रोसेसर आणि कार्ड दोन्हींवर तासभर भार टाकला, पीसी ढिम्म. भिंतीवरच्या प्लगमध्ये लावायचं वॉटमीटर मी त्याच्याकडे ठेवून आले होते. गेममध्ये ते २२० च्या आसपास दाखवत होतं, नुसत्या डेस्कटॉपवर ६०. ५५० च्या एसएमपीएसवर २२० म्हणजे निम्माही भार नाही. एनव्हिडिया स्वतः ४०६० साठी ५५० वॉटचाच एसएमपीएस सुचवते. दुकानदाराचं म्हणणं इथेच बाद झालं.

विंडोजच्या इव्हेंट व्ह्युअरमध्ये प्रत्येक वेळी कर्नेल-पॉवर ४१ ही नोंद होती आणि तिच्या तपशिलात बगचेक कोड, म्हणजे विंडोज का कोसळलं ते सांगणारा आकडा, शून्य. याचा अर्थ विंडोजला मरताना काही बोलायची उसंतच मिळाली नाही. ड्रायव्हर किंवा रॅमचा घोळ असता तर बहुतेक वेळा शून्याऐवजी काही तरी आकडा सापडतो. शून्य दिसला की आधी वीज तपासायची.

कोडं सुटलं ते वहिनींमुळे. व्हिडिओ कॉलवर आमचं चाललेलं ऐकून त्या मागून म्हणाल्या, “ताई, जवा जवा हा बोंबलते का पीसी बंद पडला, तवा तवा इन्व्हर्टर टक् करते. मी ऐकते ना सैपाकघरातून.”

इन्व्हर्टर जिन्याखाली, सैपाकघराच्या दाराशी. भाचा हेडफोन घालून आतल्या खोलीत. लाईट गेली तर कळली असती, पण ही लाईट जातच नव्हती. संध्याकाळी सगळ्यांचे कूलर आणि एसी एकदम चालू झाले की लाइनला झटका बसायचा, एक-दोन सेकंदांत पुरवठा परत यायचा. इन्व्हर्टरवरचे दिवे-पंखे त्यात डगमगतही नसत. फक्त रिलेचा, म्हणजे आतल्या स्विचचा, तो आवाज. वहिनींनी दोन-चार दिवस कॅलेंडरवर वेळा लिहून ठेवल्या, कर्नेल-पॉवरच्या नोंदींशी त्या मिनिटाला मिनिट जुळल्या. मात्र वहिनींच्या यादीत वेळा जास्त होत्या. म्हणजे प्रत्येक टक्ला पीसी बंद पडत नव्हता.

त्या जास्तीच्या वेळांतच उत्तर होतं. भाच्याला सांगितलं, इन्व्हर्टरचा मेन प्लग हाताने बंद करून बघ. डेस्कटॉपवर असताना बंद केला, पीसी चालूच. गेममध्ये बंद केला, रीस्टार्ट. पुन्हा गेममध्ये, या वेळी तगला. पुन्हा, रीस्टार्ट.

यामागचं गणित साधं आहे. एसएमपीएसच्या आत एक मोठा कपॅसिटर ३८० व्होल्टच्या आसपास भरलेला असतो. वीज खंडली की त्याच्यातल्या साठ्यावर पीसी काही क्षण चालतो. ५५० वॉटच्या एसएमपीएसमध्ये तो साधारण ३३० मायक्रोफॅरडचा असतो असं धरलं, आणि ३०० व्होल्टच्या खाली त्याचा उपयोग संपतो असं धरलं, तर वापरता येण्याजोगी ऊर्जा सुमारे ९ ज्यूल भरते. गेममध्ये सेकंदाला २२० ज्यूल जातात, म्हणजे हा साठा ४० मिलिसेकंद पुरतो. डेस्कटॉपवर सेकंदाला ६०, म्हणजे १५० मिलिसेकंद. घरगुती इन्व्हर्टरला मेनवरून बॅटरीवर जायला किती वेळ लागतो? मागच्या बाजूला असलेलं बटण ज्या मोडवर असेल त्यावर ते अवलंबून असतं. यूपीएस मोडमध्ये साधारण १० ते १५ मिलिसेकंद, साध्या मोडमध्ये ४० पर्यंत. दादाचं बटण साध्या मोडवर होतं.

चाळीसला चाळीस. म्हणून कधी तगायचा, कधी नाही. डेस्कटॉपवर भरपूर वेळ हाताशी असल्यामुळे कधीच पडायचा नाही. आणि म्हणूनच सगळ्यांना दोष कार्डाचा वाटायचा, कारण भार वाढला की पीसी पडतो हे निरीक्षण शंभर टक्के खरं होतं. ओसीसीटीची चाचणी निर्दोष सुटली कारण ती त्याने सकाळी केली होती, झटके संध्याकाळी बसायचे. दुकानदाराचं ऐकून ७५० वॉटचा एसएमपीएस घेतला असता तर त्यातला कपॅसिटर मोठा असल्यामुळे त्रास बहुधा कमी झाला असता आणि निदान बरोबर होतं असं सगळ्यांना वाटलं असतं. मला या प्रकरणातली ही सर्वांत खोडसाळ गोष्ट वाटते.

बटण फिरवून भागलं का?

नाही. बटण यूपीएस मोडवर केलं तर रीस्टार्ट थांबले, पण दुसरंच त्रांगडं उभं राहिलं. त्या मोडमध्ये इन्व्हर्टर साधारण १८० व्होल्टच्या खालची वीज घेत नाही. अकोल्यातल्या त्या गल्लीत रात्री आठला १७० मिळत होते. त्यामुळे इन्व्हर्टर सारखा बॅटरीवर जायचा आणि रात्री खरोखर लाईट गेली की पंखे तासाभरात मान टाकायचे. दादाला झोप प्यारी, त्याने बटण पुन्हा फिरवलं. त्यात इन्व्हर्टर जुना, स्क्वेअर वेव्हचा, म्हणजे मेनसारख्या गुळगुळीत साइन वेव्हऐवजी चौकोनी लाटेची वीज देणारा. त्यावर पंखे घूं घूं आवाज करतात ते याचमुळे. अशा वेव्हवर सक्रिय पॉवर फॅक्टर करेक्शनवाला (विजेच्या लाटेच्या तालात करंट ओढणारा) एसएमपीएस रोज चालवावा असं मला वाटत नाही.

इथे एक गैरसमज दूर करायला हवा. कमी व्होल्टेजचा पीसीला थेट त्रास नव्हता. भाच्याचा एसएमपीएस १०० ते २४० व्होल्टवर चालणारा होता, १७० वर तो थोडा जास्त करंट ओढतो, इतकंच. स्टॅबिलायझर घ्यायची गरज नव्हती. मात्र काही स्वस्त एसएमपीएसवर फक्त २०० ते २४० असं छापलेलं असतं. आपल्याकडे व्होल्टेज पडत असेल तर विकत घेण्याआधी ते लेबल वाचावं.

पीसीला स्वतःचा यूपीएस हवा, हे ठरलं. शेजारच्या मेडिकलवाल्याकडून ६०० व्हीए, ३६० वॉटचा यूपीएस एका संध्याकाळपुरता मागून आणला. २२० वॉटचा पीसी, पंचवीस-तीसचा मॉनिटर, कागदावर जागा होती. गेममध्ये मेन बंद केला तर यूपीएसने लांब शिट्टी मारली आणि तोही बंद. बाजारातले साधे यूपीएस बॅटरीवर पायऱ्यापायऱ्यांची वेव्ह देतात. त्या पायऱ्यांवर असा एसएमपीएस क्षणभर करंटचे उंच झटके ओढतो आणि लहान यूपीएस त्याला ओव्हरलोड समजतो. शुद्ध साइन वेव्हचा यूपीएस उत्तम, पण तो दुपटीहून महाग. आधी ११०० व्हीए, ६६० वॉटचा साधा यूपीएस, पसंत न पडल्यास परत घेण्याच्या बोलीवर आणला. तो तगला, दर वेळी. सहा हजारांच्या आत काम झालं. प्रत्येक एसएमपीएसशी तो असाच जमेल याची हमी मी देणार नाही, त्याच जोडीवर गेम चालू ठेवून मेन बंद करून पाहावं.

यूपीएस इन्व्हर्टरच्या सॉकेटात लावायचा नव्हता. स्क्वेअर वेव्ह पाहिली की असे यूपीएस बहुतेकदा ती वीज वाईट समजून स्वतःच्या बॅटरीवर जातात आणि दोघांचा खेळ सुरू होतो. म्हणून तोच वायरमन पुन्हा आला. बोर्डापासून भाच्याच्या खोलीपर्यंत तीन तारांची वेगळी लाइन ओढली, तिच्यावर ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी, म्हणजे करंट जमिनीकडे गळू लागला की वीज तोडणारा स्विच, बसवली. आरसीसीबी फक्त याच लाइनवर, कारण जुन्या वायरिंगच्या ओलसर भिंतींसकट सगळं घर तिच्याखाली घेतलं असतं तर ती पावसाळ्यात सारखी पडत राहिली असती. अख्ख्या घराचं वायरिंग बदलायला हवं, हे दादाला मान्य आहे. दिवाळीनंतर, असं त्या वर्षीही म्हणाला.

पैसे कुठून आले? भाच्याने २४० मिमीच्या लिक्विड कूलरसाठी सात हजार बाजूला ठेवले होते. ते यूपीएस आणि लाइनमध्ये गेले, वरचे थोडे दादाने घातले. भाचा चार दिवस रुसला. रंगीत दिव्यांचा कूलर मित्रांना दाखवता येतो, आरसीसीबी कोण बघायला येणार?

लिक्विड कूलर नसल्यामुळे बिघडलंही काही नाही. बायोसमध्ये ४५ वॉटचा इको मोड लावला. नाव ४५ चं असलं तरी त्यात प्रोसेसर ६१ वॉटपर्यंत जातो, पण त्याच्या वर खेचत नाही आणि गेममध्ये जाणवेल इतका फरक पडत नाही. गेमच्या फ्रेम सेकंदाला १४० वर बांधून टाकल्या, मॉनिटर १४४ चा असताना त्याहून जास्त काढून खोली कशाला तापवायची? खरा प्रश्न खोलीतल्या कूलरचा, म्हणजे वाळ्याच्या ताट्या लावलेल्या पत्र्याच्या कूलरचा होता. भाच्याने पीसी बरोबर त्याच्या झोतात ठेवला होता, थंड हवा मिळेल म्हणून. हवा थंड मिळते, पण पंप जोरात असला की तिच्याबरोबर पाण्याचे बारीक थेंबही येतात. अकोल्याचं बोअरचं पाणी जड, थेंब सुकला की मागे पांढरा क्षार राहतो. महिन्याभरात समोरच्या जाळीवर तो दिसू लागला होता. पीसी झोताच्या बाजूला, भिंतीशी, लाकडी स्टुलावर नेला. खाली नको, कारण कूलरची टाकी भरताना फरशीवर पाणी सांडतंच. तापमान दोन-तीन अंशांनी वाढलं, ते चालेल.

कर्नेल-पॉवर ४१ ची नोंद त्यानंतर आलेली नाही. यूपीएसची लेड-अ‍ॅसिड बॅटरी मात्र त्या उष्णतेत कंपनी सांगते तितकी टिकणार नाही. दर १० अंशांमागे आयुष्य निम्मं होतं असा ढोबळ हिशेब आहे, म्हणून तिसऱ्या उन्हाळ्याआधी नवी घालायची असं ठरवून ठेवलंय. आता भाच्याला १४४०पी चा मॉनिटर आणि त्याला झेपेल असं नवं कार्ड हवंय. २२० वॉटचं कार्ड घेतलं तर भिंतीवरचा आकडा तीनशेच्या पुढे जाईल. यूपीएसवर ६६० छापलेलं असलं तरी मेन बंद करून पाहिल्याशिवाय मी होकार देणार नाही, हे त्याला सांगितलंय.